लॅपटॉप आपला, बायोस कंपनीचा

२००७ साली बाजारात आलेल्या थिंकपॅड टी६१ या लॅपटॉपमध्ये इंटेलची आयसीएच८एम नावाची चिप होती. डिस्कशी माहितीची देवाणघेवाण करणं हे तिच्या अनेक कामांपैकी एक. हे काम ती सेकंदाला ३ गिगाबिट वेगाने करू शकत होती. लेनोवोने मात्र टी६१च्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, हा वेग दीड गिगाबिटवर बांधून ठेवला. व्यवहारात सांगायचं तर सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या वाटेवर १५०ची मर्यादा आली. त्या वेळी कुणाला त्याचा त्रास झाला नाही. लॅपटॉपमधल्या मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्क तेव्हा १५०पर्यंतही पोचत नव्हत्या. पुढच्याच वर्षी, २००८च्या सप्टेंबरमध्ये, इंटेलची एक्स२५-एम ही एसएसडी आली. तिचा वाचनाचा वेग होता २५० मेगाबाइट. हौसेने ती टी६१मध्ये बसवणाऱ्यांना निम्म्याच्या जवळपास वेग वायाच जाताना दिसू लागला.

मग काही जाणकार हौशी मंडळी कामाला लागली. त्यांतल्या टोपणनावाने वावरणाऱ्या एकाने कंपनीचीच बायोस फाइल उघडली, त्यातला अडसर शोधला, तो काढला आणि बदललेली फाइल सगळ्यांना वापरायला दिली. ती चढवली की तोच लॅपटॉप, तीच चिप, तीच एसएसडी पूर्ण ३ गिगाबिटने चालायची. एकही सुटा भाग बदललेला नाही, कुठे डाग दिलेला नाही. जी ताकद पैसे मोजून घेतली होती आणि यंत्रात पहिल्या दिवसापासून होती, ती वापरायची परवानगी तेवढी मिळाली. ती परवानगी मुळात अडवण्याचा अधिकार कंपनीला होता का, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्यामागची कारणं मला सविस्तर मांडायची आहेत.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावल्यावर जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा फरक या १५० आणि ३००मुळे पडत नाही. हार्ड डिस्कला तबकडीवरची हवी ती जागा शोधायलाच दहा-बारा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. लॅपटॉप सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात, तिथे हा फरक कामी येतो. म्हणून ज्याच्या घरी दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप रखडत चालला आहे, त्याने आधी एसएसडी लावावी, रॅम वाढवावी, पंख्यातली धूळ काढावी, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी. बायोसकडे वळायचं ते त्यानंतर. सुधारित फर्मवेअर (बायोससारखं, चिपमध्येच राहणारं सॉफ्टवेअर) म्हणजे जादू असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. टी६१च्याच काही मॉडेलांत एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप होती आणि त्या काळातल्या तिच्या मोबाइल चिपांमध्ये जोडणीचा दोष होता. त्यापोटी एनव्हिडियाने २००८मध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. ती चिप गेली की कोणतंही फर्मवेअर तिला परत आणत नाही. वस्तू झिजते, भाग निकामी होतात, ते मान्यच आहे. माझा वाद आहे तो न झिजलेल्या, धडधाकट भागाला कामापासून रोखण्याशी.

असं रोखण्याचे प्रकार वेगापुरते थांबत नाहीत. वाय-फाय कार्डाचंच बघा. थिंकपॅडच्या अनेक जुन्या मॉडेलांत बायोसच्या पोटात मान्यताप्राप्त कार्डांची यादी असायची. त्या यादीबाहेरचं कार्ड बसवलं की लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. पडद्यावर १८०२ हा क्रमांक आणि अनधिकृत कार्ड काढून टाकण्याची सूचना, बस्स. कार्ड चांगलं, खाच तीच, मापही तेच, विंडोज आणि लिनक्स दोघांकडे त्याचा ड्रायव्हर तयार, तरीही नकार. जुन्या कार्डाला ५ गिगाहर्ट्‌झचा नवा, वेगवान वाय-फाय जमत नाही. इमारतीतल्या चाळीस राउटरांच्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्‌झवर ते घुसमटतं. काही शे रुपयांच्या कार्डाने जो प्रश्न सुटला असता, तो एका यादीमुळे नव्या लॅपटॉपच्या खर्चावर जाऊन पोचतो.

२०१२च्या थिंकपॅड एक्स२३०मध्ये याच्या पुढची पायरी गाठली गेली. बॅटरी खरी कंपनीची आहे की नाही, हे तिथला एम्बेडेड कंट्रोलर तपासतो. हा मुख्य प्रोसेसरपेक्षा वेगळा, कीबोर्ड, पंखा आणि बॅटरी सांभाळणारा छोटा नियंत्रक. बॅटरी त्याला पटली नाही तर तो ती चार्ज करत नाही. आधीच्या एक्स२२०मध्ये ही अट नव्हती. बॅटरी ही लॅपटॉपमधली सगळ्यात आधी संपणारी वस्तू आणि काही वर्षांनी कंपनीची अस्सल बॅटरी बाजारातून नाहीशी होते. मिळाली तरी ती कोठारात वर्षानुवर्षं पडून अर्धमेली झालेली असते. म्हणजे चालता लॅपटॉप कायमचा चार्जरच्या वायरीला बांधला जातो. हौशी लोकांनी याही कंट्रोलरचं फर्मवेअर उलगडलं, बॅटरीची तपासणी बाजूला केली. त्याच बदलात एक्स२२०चा सात ओळींचा जुना कीबोर्डही एक्स२३०वर नीट चालू लागला. लिहिण्यावर पोट असलेल्या माणसाला त्या कीबोर्डाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

बायोस बदलण्याचं काम प्रत्यक्षात कसं होतं, ते बघण्यासारखं आहे. एक्स२३०ची बॅटरी आणि चार्जर काढायचा, खालचे स्क्रू सोडवून कीबोर्ड आणि तळहात टेकायची पट्टी उचलायची. मदरबोर्डवरचं काळं पातळ आवरण बाजूला केलं की आठ-आठ पायांच्या दोन चिप दिसतात, नखापेक्षाही लहान. एक ८ मेगाबाइटची, दुसरी ४ मेगाबाइटची. लॅपटॉप जागा होताना सगळ्यात आधी जे काही वाचतो ते या १२ मेगाबाइटमध्ये मावलेलं असतं. प्रोग्रॅमरला जोडलेला चिमटा या चिपवर बसवायचा, लाल वायर पहिल्या पायावर येईल अशी. पहिला पाय ओळखायला चिपच्या कोपऱ्यात ठिपका असतो. चिपला ३.३ व्होल्ट लागतात आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या सीएच३४१ए जातीच्या काही काळ्या प्रोग्रॅमरांच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, ते मल्टिमीटर लावून आधी बघायचं. मग लिहायची घाई न करता फक्त वाचायचं. एकदा वाचायचं, चिमटा न हलवता पुन्हा वाचायचं आणि दोन्ही फाइली बाइट-न्-बाइट जुळतात का ते तपासायचं. जुळल्या नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही. जुळल्या की ती फाइल दोन ठिकाणी जपून ठेवायची, कारण तिच्यात त्या एका लॅपटॉपचा नेटवर्क पत्तासुद्धा असतो. दुसऱ्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी तिची जागा घेऊ शकत नाही. एवढं झाल्यावर नवी फाइल चढवायची. मूळ फाइल हाताशी असेल तर बिघडलेला लॅपटॉपही याच चिमट्याने पूर्ववत करता येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चिप-लेव्हलचं काम करणाऱ्या कारागिरांना यात नवं काही वाटणार नाही. बायोस उडालेला लॅपटॉप आला की ‘बिन फाइल’ चढवून तो उभा करणं हे त्यांचं रोजचं काम. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून लॉटमध्ये काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक याच गल्ल्यांमधून दुरुस्त होऊन इंजिनिअरिंगच्या मुलांकडे, छोट्या दुकानदारांकडे, तालुक्याच्या गावातल्या संगणक वर्गांमध्ये जातात. आपल्याकडे संगणकाचं शिक्षण बऱ्याच अंशी या दुसऱ्या हातच्या यंत्रांवर उभं आहे. फर्मवेअरमधला प्रत्येक नवा अडसर हा थेट त्या मुलाच्या खिशाला हात घालतो. या विषयाला मी हौशी लोकांचा खेळ मानत नाही, त्याचं कारण हेच.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही. फर्मवेअर कुणालाही बदलता येणं धोक्याचं असतं, याचे पुरावे जुने आहेत. १९९८मध्ये निघालेल्या सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ला जगभरातल्या असंख्य संगणकांच्या डिस्क पुसल्या आणि अनेकांच्या बायोस चिपवर कचरा लिहून ते ठप्प केले. तेव्हा बायोसवर लिहायला काहीच आडकाठी नव्हती. २०१८मध्ये ईसेट या कंपनीच्या संशोधकांनी लोजॅक्स हा घातक प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो यूईएफआय या बायोसच्या नव्या अवतारातच दडून बसतो, त्यामुळे विंडोज नव्याने टाकलं, अगदी डिस्क बदलली, तरी जात नाही. असा घुसखोर आपल्या बँकेच्या व्यवहारांवर बसलेला कुणालाच नको. म्हणून चिपवर लिहिण्याला आडकाठी हवी, फर्मवेअरवर सही हवी, तिची तपासणी हवी. या सगळ्याच्या मी बाजूचा आहे.

पण ही आडकाठी कुणाच्या हाती असावी, इथे माझा उत्पादकांशी मतभेद आहे. इंटेलने चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर, २०१३मध्ये, बूट गार्ड आणलं. लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या सहीच्या किल्लीचा ठसा चिपमधल्या फ्यूजांमध्ये जाळून कायमचा कोरते. त्यानंतर त्या सहीचं फर्मवेअर नसेल तर लॅपटॉप सुरू होत नाही. चिमटा लावा, चिप बदला, काही उपयोग नाही. एक्स२३० त्याच्या आदल्या पिढीचा, म्हणून त्यावर हे सगळं करता येतं. त्यानंतरच्या असंख्य लॅपटॉपांचं दार मालकासाठी कायमचं लागलेलं आहे. चोरासाठी लावलेलं कुलूप घरमालकालाही उघडता येत नसेल, तर घर नक्की कुणाचं?

शिवाय किल्ली एकट्या कंपनीकडे राहिल्याने सुरक्षा वाढते, हा दावाही अनुभवाला टिकत नाही. २०२३मध्ये एमएसआय कंपनीची माहिती चोरीला गेली. तिच्यातून कंपनीच्या अनेक उत्पादनांच्या बूट गार्डच्या खाजगी किल्ल्या बाहेर आल्या. किल्ली चोरीला गेली तर कुलूप बदलावं हा साधा शहाणपणा आहे. पण फ्यूज एकदा जळले की परत जळत नाहीत. त्या लॅपटॉपांच्या मालकांनी काही करायचं ठरवलं तरी त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पुढच्याच वर्षी आणखी एक प्रकार समोर आला. अनेक कंपन्यांनी शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटसाठी, म्हणजे सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या तपासणीसाठी, एक चाचणीपुरती किल्ली तशीच ठेवून दिली होती. तिच्या नावातच ‘हिच्यावर विश्वास ठेवू नका’ असं लिहिलेलं होतं. जी किल्ली बदलण्याचा हक्क मालकाला आहे ती बदलता येते, तिच्यावर लक्ष ठेवता येतं. जी बदलताच येत नाही, तिच्यासाठी कंपनीच्या सावधपणावर भिस्त ठेवून बसावं लागतं.

सुरक्षा आणि मालकी दोन्ही सांभाळता येतात, हे गूगलच्या क्रोमबुकांनी दाखवून दिलं आहे. जुन्या क्रोमबुकांच्या मदरबोर्डवर एक खास स्क्रू असायचा. तो घट्ट असेपर्यंत फर्मवेअरच्या संरक्षित भागावर इंटरनेटवरून आलेला कोणताही प्रोग्रॅम काही लिहू शकत नसे. मालकाने झाकण उघडून तो स्क्रू काढला की चिप त्याच्या ताब्यात. हजारो किलोमीटरवर बसलेला हल्लेखोर काही तुमच्या घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येत नाही. पुढच्या मॉडेलांत स्क्रूची जागा एका सुरक्षा चिपने घेतली, पण मालकाला संरक्षण उठवता येण्याची सोय राहिली. क्रोमबुकांचं फर्मवेअर कोअरबूट या खुल्या प्रकल्पावर आधारलेलं आहे. हा प्रकल्प १९९९मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायोस’ या नावाने सुरू झाला आणि २००८मध्ये त्याचं नाव बदललं. एवढी मोठी कंपनी लाखो शाळकरी मुलांच्या हातात ही यंत्रं देऊ शकते, तर बाकीच्यांना ते जमणार नाही असं मानायला मी तयार नाही.

वाय-फायच्या यादीमागे आणखी एक कारण सांगितलं जातं, ते रेडिओ नियमांचं. लॅपटॉपचा अँटेना आणि कार्ड यांची मंजुरी एकत्र घेतलेली असते, दुसरं कार्ड बसवलं की ती मंजुरी लागू होत नाही. हे कारण खोटं नाही. पण याचाच दुसरा अंक अमेरिकेत राउटरांच्या बाबतीत पाहायला मिळाला. तिथल्या दूरसंचार नियामकाने २०१६मध्ये टीपी-लिंकला रेडिओ नियमांच्या भंगाबद्दल २ लाख डॉलर भरायला लावले. त्याच तडजोडीत कंपनीने बाहेरचं फर्मवेअर आपल्या राउटरांवर चालावं यासाठी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांबरोबर काम करण्याचं मान्य केलं. नियामकाला हवं होतं ते प्रक्षेपणाच्या शक्तीवर नियंत्रण. त्यासाठी अख्खं यंत्र बंदिस्त करण्याची गरज नव्हती.

सुधारित फर्मवेअर वापरणाऱ्यांनाही मला काही कडक बोलायचं आहे. कंपनीची फाइल उघडून कुणीतरी अनोळखी माणूस तिच्यात बदल करतो आणि आपण ती आपल्या यंत्राच्या मुळाशी नेऊन बसवतो, हा फार मोठा विश्वास आहे. टी६१ची ती फाइल वर्षानुवर्षं असंख्य लोकांनी वापरली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक फाइलबद्दल असं म्हणता येत नाही. कोअरबूट किंवा त्यावर आधारलेल्या लिबरबूटचा पर्याय ज्या लॅपटॉपला आहे, त्याच्या मालकाने तोच निवडावा. तिथे मूळ कोड उघडा असतो, तो वाचता येतो, स्वतः बांधून घेता येतो, काय बदललं याची नोंद असते. जिथे पर्याय नाही तिथेच अनोळखी फाइलची वेळ येते, आणि ही वेळ आणणारा आहे तो कंपनीचा बंदिस्तपणा. चांगल्या माणसांना मागच्या दाराने जायला लावून वर मागच्या दाराचे धोके सांगण्यात न्याय नाही.

उलट दिशेचा, म्हणजे आधी असलेली मुभा काढून घेण्याचाही एक प्रसंग आठवतो. प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी केलं तर लॅपटॉप कमी तापतो, पंखा शांत राहतो आणि तापून वेग कमी करण्याची वेळ त्याच्यावर कमी येते. अनेक जण हे वर्षानुवर्षं करत होते. २०१९च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट ही त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती फोडता येते, असं संशोधकांनी दाखवलं. धोका खरा होता, पण तो मुख्यतः तो सुरक्षित कप्पा वापरणाऱ्यांना. त्यावरचा उपाय म्हणून आलेल्या बायोस अपडेटांनी अनेक लॅपटॉपांवर व्होल्टेज कमी करण्याची सोयच बंद केली. अपडेट घ्या आणि तापलेला लॅपटॉप पत्करा, किंवा घेऊ नका आणि त्रुटी पत्करा. मालकाला विचारून, त्याला निवड देऊन हे करता आलं असतं.

या सगळ्याला आज वेगळी निकड आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना घेत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही मागतं. म्हणजे व्यवस्थित चालणारे असंख्य लॅपटॉप एका तारखेला अडगळ ठरू पाहताहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. आपल्याकडचा मोठा भाग दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये हाताने फोडला जातो, तारा जाळल्या जातात, बोर्ड आम्लात बुडवले जातात. लिनक्स टाकलेला, एसएसडी लावलेला, नवी बॅटरी स्वीकारणारा दहा वर्षांचा लॅपटॉप आणखी पाच वर्षं चालला, तर तेवढा कचरा त्या वस्तीत जायचा थांबतो.

कायद्याच्या बाजूने आपण फार वाईट जागी नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संगणक प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला तो ज्या कामासाठी मिळाला त्यासाठी प्रत काढण्याची, रूपांतर करण्याची मुभा देतं. २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा मानतं, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलं असेल तरच. अमेरिकेचा १९९८चा कायदा याहून कितीतरी कठोर आहे. तिथे दुरुस्तीसाठीसुद्धा दर तीन वर्षांनी सवलत मागावी लागते. आपल्याला मुभा आहे, पण बूट गार्डसारख्या फ्यूजपुढे कागदावरची मुभा निरुपयोगी ठरते. कायदा ज्याला परवानगी देतो ते यंत्राने अशक्य करून ठेवलं आहे.

म्हणून आता प्रश्न धोरणाकडे न्यायला हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी त्याचं पोर्टल सुरू केलं आणि आता दुरुस्ती निर्देशांकाचं काम चालू आहे. सुटे भाग मिळतात का, उघडायला किती स्क्रू, हे प्रश्न त्यात यावेतच. पण लॅपटॉपचा विचार करताना फर्मवेअर वगळलं तर सगळं मुसळ केरात. दोन अटी पुरेशा आहेत. पहिली, फर्मवेअरचं संरक्षण मालकाला यंत्र उघडून, हाताने उठवता आलं पाहिजे. दुसरी, ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलचे अपडेट थांबवते, त्या दिवशी त्या मॉडेलच्या बॅटरी आणि कार्डांवरच्या अटी उठवणारं शेवटचं अपडेट तिने द्यावं. कंपनीला यात एक रुपयाचं गुपित उघड करावं लागत नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की पुढचा लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमबरोबर हेही विचारा: बाहेरची बॅटरी चालेल का, वाय-फाय कार्ड बदलता येईल का, बायोसवर बंधन काय आहे. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर कंपनीला लेखी विचारा. असे प्रश्न शेकड्याने येऊ लागले की कंपन्यांना त्यांची उत्तरं खोक्यावर छापावी लागतील.